तोल ढळत जाताना आधार कोणता निवडावा?

लहान मेंदूचा ऱ्हास होत जाणाऱ्या आनुवंशिक ॲटॅक्सियासारख्या आजारात पायांतली ताकद बराच काळ टिकून असते. बिघडतो तो हालचालींचा हिशेब. पाऊल किती उचलायचे, कुठे टेकायचे आणि शरीर कधी थांबवायचे, हे अचूक ठरेनासे होते, म्हणून रुग्ण पाय फाकवून चालू लागतो आणि वळताना झोकांड्या खातो. या आजाराच्या एससीए-१२ या प्रकाराचे रुग्ण जगात इतरत्र फारसे आढळत नाहीत, पण उत्तर भारतातील अग्रवाल कुटुंबांत तो विशेष दिसतो. यांपैकी बहुतेक प्रकारांना थोपवणारे औषध अजून नाही; त्यामुळे व्यायाम आणि योग्य आधार यांवरच बरीच भिस्त राहते.

आधी काठी, मग वॉकर, शेवटी व्हीलचेअर, असा क्रम आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. गुडघेदुखीत तो बहुधा लागूही पडतो, पण ॲटॅक्सियात फसवा ठरतो, कारण इथे काठी धरणारा हातसुद्धा पायांइतकाच बेभरवशाचा असू शकतो. हात थरथरत असेल किंवा नेम चुकत असेल, तर काठी नेमक्या जागी टेकवणे हेच एक जादा काम होऊन बसते आणि तिच्याकडे लक्ष देता देता पाऊल चुकते. म्हणून निवड करताना आजार किती वाढला आहे एवढेच विचारून भागत नाही. तोल नेमका कुठे जातो, वळताना, थांबताना की अंधारात, हे आधी पाहावे लागते.

काठीचा उपयोग केवळ भार पेलण्यापुरता नसतो. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी १९९४ साली निरोगी माणसांवरील प्रयोगांत दाखवले, की स्थिर पृष्ठभागाला बोटाचे टोक नुसते टेकले, म्हणजे जेमतेम १०० ग्रॅम वजनाइतका दाब दिला, तरी उभ्या माणसाचे डोलणे लक्षणीय कमी होते. स्पर्शातून मेंदूला शरीराच्या स्थितीची खबर मिळते. भिंतीला हात लावत चालणारा रुग्ण नकळत हेच करत असतो, आणि सुरुवातीच्या काळात साधी काठीही याच कारणाने उपयोगी पडते. मात्र तिची उंची नीट हवी: रोजची पादत्राणे घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी, म्हणजे काठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. टोकाचे रबर झिजून गुळगुळीत झाले की ओल्या फरशीवर ती घसरते, तेव्हा ते दर काही दिवसांनी उलटे करून पाहावे. चार पायांची काठी दुकानात भक्कम दिसते. पण चारही पाय एकदम टेकले नाहीत तर ती डुगडुगते, आणि आपल्या फुटपाथांवर ते एकदम टेकण्याची शक्यता कमीच.

वॉकरच्या बाबतीतही असेच आहे. बिनचाकी वॉकर प्रत्येक पावलाला उचलावा लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी माणूस मागे कलंडू शकतो. चार चाकांचा वॉकर उचलावा लागत नाही, पण हलका असेल तर पुढे पळतो, आणि ऐन वेळी ब्रेक दाबण्याइतके हात साथ देतीलच असे नाही. अशांसाठी थोडा जड, चाकांचा वेग आवरता येणारा किंवा दांडी दाबल्यावरच चाके सुटणारा वॉकर अधिक सुरक्षित असतो. वजनदार वस्तूमुळे काहींच्या हाताची थरथर थोडी आटोक्यात येते, काहींना ती नुसती दमवते. म्हणून घेण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली त्यावर चालून, वळून आणि अचानक थांबून पाहावे. केवळ दुकानातल्या सपाट फरशीवर घेतलेली चाचणी माझ्या मते निरुपयोगी आहे.

व्हीलचेअर म्हणजे हार, ही समजूत सर्वांत महागात पडते. लांबच्या अंतराला व्हीलचेअर आणि घरात वॉकर, अशी जोडी बरीच वर्षे चालू शकते, आणि स्टेशनपर्यंत जाण्यात वाचलेली शक्ती तोलाच्या व्यायामासाठी वापरता येते. मात्र खरेदीपूर्वी न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजावी. प्रौढांची नेहमीची व्हीलचेअर साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असते आणि जुन्या घरांतली न्हाणीघराची दारे अनेकदा तेवढीच किंवा त्याहूनही अरुंद असतात. उतार बांधायचा तर १ ला १२ हे प्रमाण धरतात. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो, आणि तेवढी जागा दारापुढे आहे का, हे खुर्ची घरी येण्याआधी पाहिलेले बरे.