बाळंतपणापलीकडची बाई

नागपुरात कष्टकरी घरातली बाई पहिल्यांदा नीट तपासली जाते ती बहुधा दिवस गेल्यावर. डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत तिचं नाव नोंदवलं जातं, रक्त घेतलं जातं, आणि कधी कधी त्याच रक्तातून कळतं की तिला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. लहानपणापासून तिचे हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे, शाळा बुडायची. घरचे म्हणायचे, हिला कामाचा कंटाळा आहे. ज्या दुखण्याला इतकी वर्षं कुणी नाव दिलं नाही, त्याला ते मिळतं पोटातल्या बाळाच्या निमित्ताने. बाईच्या तब्येतीची चौकशी बाळंतपणापासून सुरू करायची आणि तिथेच संपवायची, ही सवय जुनी आहे. ती कशी लागली आणि ती मोडायला कोणत्या बायका पुढे आल्या, ते या शहराच्या इतिहासात दिसतं.

ज्यांनी बाळंतपणाची सोय उभी केली त्यांच्याबद्दल आधी कृतज्ञतेनेच बोललं पाहिजे. कमलाताई होस्पेट कोवळ्या वयात विधवा झाल्या. विधवेने घराच्या कोपऱ्यात दिवस काढायचे असा तो काळ. त्यात सुईणपण म्हणजे विटाळाचं, हलकं काम मानलेलं. कमलाताईंनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात नेमकं तेच शिक्षण घेतलं, आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत सीताबर्डीत मातृसेवा संघ सुरू केला. अंधाऱ्या खोलीत, जुन्या चिंध्यांवर बाळंत होणाऱ्या बाईला स्वच्छ खाट आणि शिकलेल्या हाताची नर्स मिळू लागली. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. पण समाजाने या कामाला मान दिला तो 'माते'च्या नावाने. बाळंत न होणारी, किंवा बाळंतपणं उरकलेली बाई आजारी पडली तर काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो प्रश्न वेगळ्या दिशेने आला, १९४२ च्या जुलैत. नागपुरात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली आणि तिच्याबरोबर दलित महिलांची स्वतंत्र परिषद. हजारो बायका आल्या होत्या. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः हजर होते. या परिषदेची नोंद राजकारणाच्या इतिहासात होते, आरोग्याच्या इतिहासात होत नाही. ती तिथेही व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. कारण तिथले ठराव वाचले की दमलेलं शरीर समोर उभं राहतं. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा द्या, महिन्याभराची हक्काची रजा द्या, कामावर इजा झाली तर भरपाई द्या, २० वर्षांच्या नोकरीनंतर किमान १५ रुपये पेन्शन द्या. गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच नेमा, हीसुद्धा मागणी होती. ती का आली असेल, हे पुरुष मुकादमाच्या हाताखाली काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारावं.

सुलोचनाबाई अध्यक्षपदावरून संततिनियमनाबद्दलही बोलल्या. या धाडसाचं मोल कळायला चारच वर्षं मागे जावं लागतं. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता. तो ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. सभागृहाने जे नाकारलं, ते नागपुरात एका बाईने हजारो बायकांसमोर उघड मांडलं. किती मुलं झेपतील हे ती सांगत होती, आणि ऐकणाऱ्यांपैकी कित्येकींच्या कडेवर मूल होतं.

पुढची काही दशकं योजनांची. कुटुंबनियोजन आलं ते शस्त्रक्रियांच्या आकड्यांसाठी, लोहाच्या गोळ्या आल्या त्या गरोदरपणासाठी. बाईला विचारलं काहीच गेलं नाही.

विचारलं ते राणी बंग यांनी. त्या चंद्रपूरच्या, नागपूरच्या मेडिकलमध्येच शिकून स्त्रीरोगतज्ज्ञ झालेल्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. त्यांत पोटी मूल नसलेल्या, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या अशा सगळ्याच होत्या. १९८९ च्या जानेवारीत हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, एकेकीला सरासरी ३.६. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ७.८ टक्के. पांढरं जाणं, अंग बाहेर येणं, पाळीत कंबर मोडणं, हे सगळं बायका अंगावर काढत होत्या, कारण ते बाईच्या जातीला चुकत नाही असंच त्यांना शिकवलेलं. जगभर माता आणि बाल आरोग्याच्या पुढे जाऊन बाईच्या आरोग्याचा विचार सुरू झाला, त्यात या दोन गावांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे. त्यांची नावं कुठे छापली गेली नाहीत. पण तपासून घ्यायला त्या तयार झाल्या, ही त्यांनी केलेली चळवळच होती.

सिकलसेलचं मात्र कोडंच आहे. नागपूरच्या वैद्यकीय वर्तुळाला हा आजार फार आधी ठाऊक होता. मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांवरचा, म्हणजे दोष अंगात असून स्वतः आजारी नसलेल्यांवरचा, शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये आला होता. विदर्भात बौद्ध, तेली, कुणबी, गोंड, माडिया अशा अनेक समाजांत हा दोष आढळतो. तरी वस्त्यांपर्यंत माहिती पोहोचायला दशकं गेली, आणि ती पोहोचवली मुख्यतः रुग्णांच्या घरच्यांनी. मुलाच्या आजाराने हादरलेले संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी उभी केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. मेडिकलच्या बालरोगतज्ज्ञ दीप्ती जैन यांनी हायड्रॉक्सीयुरिया या औषधाच्या कमी मात्रेचा उपचार इथल्या मुलांवर अभ्यासून दाखवला आणि स्वस्तात दुखण्याचे झटके कमी होतात हे सिद्ध केलं.

या आजारात बाईच्या वाट्याला दुहेरी ओझं येतं. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला २५ टक्के शक्यता असते की मूल रुग्ण जन्मेल. दोष दोघांचा सारखा. पण रक्त आधी बाईचं तपासलं जातं, म्हणून 'तुझ्या माहेरचं रक्त' हा शब्दही तिलाच ऐकावा लागतो, आणि नवऱ्याला तपासणीला आणायचं कामही तिचंच. गर्भाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत करायची असते. नावनोंदणीच पाचव्या महिन्यात झाली तर ती वेळ निघून गेलेली असते. आणि ती स्वतः रुग्ण असेल तर गरोदरपणात हायड्रॉक्सीयुरिया सहसा बंद ठेवतात. म्हणजे ज्या नऊ महिन्यांत शरीरावर ताण सर्वांत जास्त, त्याच काळात गोळीचा आधार नाही. लग्न ठरताना ती हे लपवते असं म्हणणाऱ्यांनी, सांगितल्यावर किती स्थळं परत गेली तेही विचारावं.

२०१६ च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतलं. मात्र सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण ज्या प्रकारांना आहे, त्यांत रक्ताचे आजार नाहीत. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणीचं वय ४० पर्यंत ठेवलं आहे. इंदोऱ्यात किंवा कामठीत धुणीभांडी करणारी, खुब्याचं हाड झिजलेली पंचेचाळिशीची बाई मोहिमेच्या वयात बसत नाही, आणि नुसत्या सिकलसेलवर तिला आरक्षणही नाही. तिची बाळंतपणं झालेली आहेत. झटका आला की तिचे चार-सहा दिवस जातात आणि त्या दिवसांचे पैसे कापले जातात. रजेची जी मागणी १९४२ मध्ये गिरणी आणि विडी कामगार बायकांनी केली होती, ती घरकाम करणाऱ्या बाईसाठी आजही तशीच पडून आहे.