टॉमीगनमधला कांशाचा तुकडा

‘पेटंट मिळालंय, म्हणजे तत्त्व सिद्ध झालंच की!’ मायलेज वाढवणाऱ्या चुंबकापासून सांधेदुखीच्या कड्यापर्यंत सगळीकडे हा युक्तिवाद ऐकू येतो. ज्यांना तो पटतो, त्यांना मी टॉमीगनची, म्हणजे हातात धरून सटासट गोळ्या झाडायच्या एका स्वयंचलित बंदुकीची, गोष्ट सांगतो.

पहिल्या महायुद्धातले खंदक अरुंद आणि मुद्दाम नागमोडी खणलेले. वळणापलीकडचा शत्रू चार पावलांवर, आणि सैनिकाच्या हाती मीटरभराहून लांब रायफल, तीही प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, हाताने ओढावा लागणारी. अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेल्या जॉन थॉम्पसन यांना एकट्याने चालवता येईल असा ‘खंदकातला झाडू’, म्हणजे गोळ्यांनी खंदक झाडून काढणारी बंदूक, हवी होती. १९१६ साली त्यांनी ऑटो-ऑर्डनन्स कंपनी काढली.

अडचण एकच. दारू पेटली की वायू गोळीला पुढे रेटतात, तसेच पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीला, मागे. पुंगळी फार लवकर बाहेर आली तर तिचं पातळ पितळ फाटतं. म्हणून मागचा बोल्ट क्षणभर अडवायला हवा. अमेरिकी नौदलातल्या जॉन ब्लिश यांना दिसलं होतं, की तोफेचं आट्यांचं दार पूर्ण भाराच्या दारूवर घट्ट राहतं, कमी दारूवर मात्र फिरून सैल होतं. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: प्रचंड दाबाखाली धातू एकमेकांना चिकटतात, दाब उतरला की सुटतात. याचं पेटंट त्यांना १९१५ मध्ये मिळालं, आणि थॉम्पसन यांच्या बंदुकीत इंग्रजी ‘एच’च्या आकाराचा कांशाचा तुकडा तिरप्या खाचांत बसला.

आता शाळेतलं घर्षण आठवा. दाब दुप्पट झाला की घर्षण दुप्पट होतं, पण सरकवणारा जोरही दुप्पटच होतो. म्हणजे तिरपा तुकडा एक तर कुठल्याही दाबाला सरकणार, नाही तर कधीच नाही. मग बोल्ट कशाने थांबत होता?

वजनाने! कॅरमबोर्डवर पावडर टाका. पाच ग्रॅमची सोंगटी आणि पाव किलोचं माप यांच्यामध्ये बॉलपेनाची स्प्रिंग दाबून धरा, आणि सोडा. सोंगटी सुसाट जाते, माप हललं की नाही तेही कळत नाही. दोघांना सारखाच धक्का बसला, पण वजनात पन्नास पटींचा फरक आहे. टॉमीगनची गोळी १५ ग्रॅमची. बोल्ट ७५० ग्रॅमचा धरला तर इथेही तेच पन्नास पट. गोळी नळीतून २७ सेंटिमीटर पुढे जाते तोवर बोल्ट त्याच्या पन्नासाव्या हिश्शाने, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर मागे येतो. पुंगळी जवळजवळ २३ मिलिमीटर लांब असते, त्यामुळे तोवर ती बरीचशी आतच असते. स्प्रिंगचा विरोध तर यात धरलेलाच नाही. कांशाचा तुकडा तिरपा असल्याने थोडा अडथळा करायचा, इतकंच त्याचं काम. ब्लिश म्हणत होते तो चिकटपणा खरा असता, तर रायफलच्या जोरकस काडतुसावर तो जास्तच दिसायला हवा होता. तिथेच ब्लिश यांचं हे बोल्ट अडवायचं कुलूप फसलं, पिस्तुलाच्या .४५ काडतुसावर मात्र चाललं.

११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं, तोवर ही बंदूक खंदकात पोहोचलीच नव्हती. पुढच्या महायुद्धात ती भारतीय पलटणींच्याही हाती आली. १९४२ मध्ये उत्पादन स्वस्त करताना, एम-१ या मॉडेलमधून कांशाचा तुकडा काढून टाकला आणि बोल्ट साधा वजनदार ठेवला. बंदूक पूर्वीसारखीच चालत राहिली.