नट निघाला, सांधा निघेना: जुन्या गाडीचं स्टिअरिंग सोडवताना वेळ का लागतो

जुनी गाडी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडच्या भागाशी जोडणारा चेंडूचा सांधा) बदलायला आली की प्रश्न ठरलेला असतो: "एक नट तर काढायचाय, त्यासाठी गाडी रात्रभर कशाला ठेवता?"

नट निघतोच हो. अडतं ते पुढे. एंडचा स्टड, म्हणजे आटे असलेला खुंटा, निमुळता असतो आणि स्टिअरिंग आर्मच्या (चाक वळवणाऱ्या हाताच्या) तशाच निमुळत्या भोकात रुतून बसलेला असतो. नट काढला तरी दोघं एकमेकांना सोडत नाहीत, त्यात वर्षानुवर्षांचा गंज.

अशा वेळी स्टडच्या टोकावर हातोडा घालायचा मोह होतो. टोक फुलतं, आटे जातात आणि नट पुन्हा चढत नाही. सांधा मात्र होता तिथेच. दुबोटी पाचर ठोकली तर सांधा सुटतो खरा, पण सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, बहुतेक वेळा फाटतं. जुना भाग फेकायचाच असेल तर ठीक. परत बसवायचा असेल तर आम्ही ती पाचर पेटीतून बाहेरही काढत नाही.

म्हणून आदल्या संध्याकाळी वायर ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो. सकाळी स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून स्टडच्या भोकातून घातलेली पिन) काढून नट सैल करतो, पण दोन-तीन आट्यांवर राहू देतो, म्हणजे सांधा अचानक सुटला तरी आर्म हातावर येत नाही. मग पुलर (स्क्रूच्या जोराने अडकलेला भाग सोडवणारं अवजार) लावून ताण द्यायचा आणि त्या ताणातच आर्मच्या भोकाच्या बाहेरच्या कडेवर, आडव्या बाजूने, जड हातोड्याचे दोन-तीन नेमके ठोके. भोक क्षणभर दबतं आणि स्टड 'टक्' करून सुटतो. गॅसची ज्योत इथे आम्ही लावत नाही. रबर आणि ग्रीस जळतंच, शिवाय जास्त तापलेल्या आर्मचा पुढे भरवसा उरत नाही.

जुना एंड रॉडवरून उतरवताना फेरे मोजून कार्डावर लिहितो, समजा साडेसतरा. नवा तितकेच फेरे चढवला की चाकांची दिशा जवळपास पूर्वीसारखी येते. जवळपासच, व्हील अलाइनमेंट त्यानंतरही करावंच लागतं. स्प्लिट पिन दर वेळी नवी. पिनचं भोक नटाच्या खाचेशी जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे कधीच फिरवायचा नाही.

स्टिअरिंग व्हील अडकलं असेल तरी पुलरच. शाफ्टवर ठोकलेलं चालत नाही, कारण कित्येक गाड्यांत तो अपघातात आत दबावा असाच बनवलेला असतो. एअरबॅग असेल तर आधी बॅटरी सोडवून कंपनीने सांगितलेला वेळ थांबतो.

घरी आधी ठोकाठोक केली असेल तर गाडी देतानाच सांगा, रागावणार नाही. काढलेला भाग डिकीत ठेवून देतो. त्याच्या सांध्यातला चेंडू हाताने हलवून बघा, किती ढिला झालाय ते कळेल.