आदिवासी व पारंपरिक समुदायांना ब्रँडांचे समाजमाध्यमी पाठबळ

एखादी उत्पादक वा विक्रेती संस्था इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आदी माध्यमांवरील आपल्या खात्यांतून आदिवासी समुदायाला, किंवा विशिष्ट कला-कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या समुदायाला, श्रेय, मोबदला, ग्राहक अथवा थेट बोलण्याची संधी मिळवून देते, त्या व्यवहाराचा या नोंदीत विचार केला आहे. निव्वळ गौरवपर चित्रफीत प्रसिद्ध करणे आणि समुदायाकडून रीतसर खरेदी करून ती त्याच्या नावानिशी जाहीर करणे या दोन टोकांच्या दरम्यान या व्यवहाराचे अनेक प्रकार आढळतात. कोल्हापुरी चपलेच्या २०२५ मधील श्रेयवादामुळे हा विषय मराठी वाचकांपर्यंत विशेष ठळकपणे पोहोचला.

व्याप्ती : आंतरराष्ट्रीय लेखनात हा विषय मूळ रहिवासी समूहांच्या संदर्भात मांडला जातो. भारतात त्याची कायदेशीर कक्षा निराळी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४२ अन्वये अनुसूचित जमाती अधिसूचित होतात. अशा समूहांविषयीच्या, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५७ च्या १०७ क्रमांकाच्या संकेतास (आंतरराष्ट्रीय करारास) भारताने मान्यता दिली, १९८९ च्या १६९ क्रमांकाच्या संकेतास मात्र दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांचा मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयीचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. भारताने बाजूने मत दिले, तथापि सर्वच भारतीय येथील मूळ रहिवासी होत, ही आपली जुनी भूमिका सोडली नाही. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याने येथील चर्चा मुख्यतः चर्मकार आणि धनगर या समाजांभोवती फिरते. पहिला अनुसूचित जातींत आणि दुसरा राज्याच्या वर्गवारीनुसार भटक्या जमातींत मोडतो. यांना सरसकट ‘आदिवासी’ म्हणणे चूक होय, आणि ब्रँडांच्या मजकुरात ही चूक वारंवार होते.

उगम : या व्यवहाराच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तो जाहिरातक्षेत्रातून आला. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने १९८३ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या जीर्णोद्धारासाठी कार्डावरील प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रक्कम देण्याची मोहीम चालवली. सामाजिक कार्याची विक्रीशी सांगड घालण्याची ही पद्धत पुढे समाजमाध्यमांवर आली, असे हे मत सांगते. दुसरे मत त्याचे मूळ हक्कांच्या चळवळीत शोधते. न्यूझीलंडमधील व्हाकाताने येथे जून १९९३ मध्ये भरलेल्या परिषदेत माताअतुआ जाहीरनामा तयार झाला आणि आपल्या सांस्कृतिक व बौद्धिक संपदेची व्याख्या करण्याचा अधिकार समुदायांचाच आहे, हे तत्त्व त्यात मांडले गेले. २००७ च्या जाहीरनाम्यातील ३१ वे कलम त्याच धाग्यावर आहे. दोन्ही मतांना आधार असला, तरी दुसरे अधिक ग्राह्य वाटते. कारण जाहिरातीच्या परंपरेत लाभार्थी कोण हे कंपनी ठरवते, तर आजचे बहुतेक वाद संमती कोणी द्यायची यावरच उभे राहतात. अमेरिकेतील नवाहो राष्ट्राने अर्बन आउटफिटर्स या वस्त्रविक्रेत्या कंपनीविरुद्ध २०१२ मध्ये केलेला दावा नावाच्या वापरावरूनच होता. २०१६ मध्ये तडजोड होऊन त्यातून पुरवठा व परवाना करार निघाला. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या यालालाग गावाच्या पारंपरिक पादत्राणाशी साम्य असलेल्या नमुन्याबद्दल आदिदासने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर माफी मागितली.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण : या चपलेच्या उगमाचा प्रश्न श्रेयाच्या प्रश्नाशी जोडलेला असल्याने त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे भाग आहे. रूढ समजुतीनुसार ही परंपरा बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत मागे जाते आणि तिचा संबंध कल्याणच्या (आजचे कर्नाटकातील बसवकल्याण) बिज्जल राजाच्या व बसवेश्वरांच्या काळाशी जोडला जातो. बसवेश्वरांचा अनुयायी (शरण) हरळय्या आणि त्याची पत्नी यांनी स्वतःच्या कातडीच्या वहाणा करून बसवेश्वरांना अर्पण केल्याची कथा या संदर्भात सांगतात. ही कथा चर्मकारांच्या सामाजिक स्मृतीचा मोलाचा पुरावा आहे. आजच्या घाटाच्या (घडणीच्या) चपलेचा तो पुरावा मानता येईलच असे नाही. कापशी, कुरुंदवाडी अशी गावांवरून पडलेली नावे आणि ‘पायताण’ हा सर्वसाधारण शब्द आधीचे असावेत आणि ‘कोल्हापुरी’ हे व्यापारी नाव बहुधा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुंबईच्या बाजारपेठेशी संबंध वाढल्यावर, रूढ झाले असावे, हे मत अधिक संभवनीय दिसते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) या व्यवसायास उत्तेजन मिळाले, याविषयी मात्र सर्वसाधारण एकमत आहे.

बनावटीतही एकाच समाजाचे श्रेय सांगता येत नाही. कातडे कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे होते; बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवण्याची ही पद्धत रासायनिक पद्धतीपेक्षा कितीतरी वेळखाऊ आहे. पुढचे काम चर्मकारांचे. तळ, पट्टा, अंगठा आणि बाजूचे कान हे भाग खिळ्याशिवाय, कातड्याच्याच वादीने शिवले जातात. पट्ट्यावरची बारीक वेणी विणण्याचे काम पुष्कळदा घरातील स्त्रिया करतात, आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींत ऐरण-हातोड्यापाशी बसलेला पुरुष कारागीर दिसतो, वेणी विणणारे हात क्वचितच दिसतात. अथणी, निपाणी या सीमेपलीकडील भागांतही हेच काम चालते. त्यामुळेच २०१९ मध्ये जाहीर झालेले भौगोलिक निर्देशन (वस्तूचे नाव तिच्या मूळ प्रदेशाशी जोडणारी कायदेशीर नोंद, म्हणजेच जीआय) कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. त्याची मालकी महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ (लिडकॉम) आणि कर्नाटकाचे लिडकर या दोन शासकीय महामंडळांकडे आहे. कोल्हापुरातील अभिमानपर मजकुरात कर्नाटकाचा हा वाटा सहसा गाळला जातो.

जून २०२५ मध्ये मिलान येथे झालेल्या प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुषवेशांच्या प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाची पादत्राणे दिसली. वर्णनात त्यांना चामड्याच्या सँडल एवढेच म्हटले होते. समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने भारतीय हस्तकलेच्या प्रेरणेची कबुली दिली. जुलैमध्ये कंपनीच्या पथकाने कोल्हापुरात येऊन कारागिरांची भेट घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला, तेव्हा महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांकडून २,००० जोड करून घेण्याचे, ते प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना, फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातील ४० दुकानांत व ऑनलाइन विकण्याचे जाहीर करण्यात आले. हे सारे समाजमाध्यमांवरील रोषामुळेच घडले, असे सर्रास म्हटले जाते. रोषाने दार उघडले हे खरे; पण करारावर सही करू शकेल अशी, निर्देशनाची नोंदणीकृत मालक असलेली संस्था आधीपासून उभी नसती, तर बोलणी कोणाशी करायची हा प्रश्न उरला असता. अशी संस्था नसलेल्या कलांच्या बाबतीत नेमके हेच घडते.

कायदेशीर बाजू : वस्तूंचे भौगोलिक निर्देशन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम, १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. त्याच्या कलम २१ अन्वये उल्लंघनाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नोंदणीकृत मालकाला व प्राधिकृत वापरकर्त्याला (ते नाव वापरण्यासाठी नोंद झालेल्या उत्पादकाला) आहे. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, तीही प्रामुख्याने याचिकाकर्ते मालक नसल्याच्या मुद्द्यावर. कलम २२ नाव वा निर्देशाच्या दिशाभूल करणाऱ्या वापराला प्रतिबंध करते. नाव न घेता केवळ घाट उचलल्यास हे कलम कितपत लागू पडेल याविषयी मतभेद आहेत, आणि ते सहसा लागू पडत नाही, हा अर्थ अधिक स्वीकारार्ह वाटतो. यातून एक विचित्र स्थिती उद्भवते : जो ब्रँड मूळ नावाचा उच्चारच करत नाही तो कायद्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित राहतो, तर ‘कोल्हापुरी’ असे लिहिणाऱ्यावर माल खरोखर त्या आठ जिल्ह्यांतला असल्याची जबाबदारी येते. शिवाय कलम २४ नुसार निर्देशनाचा हक्क कोणाला विकता, गहाण ठेवता किंवा परवान्याने देता येत नाही. म्हणून ‘आम्ही कोल्हापुरी नावाचा परवाना घेतला’ अशी जाहिरात मुळातच निराधार ठरते. ब्रँडला करता येते ते एवढेच की, त्याने प्राधिकृत वापरकर्त्यांकडून माल घ्यावा आणि तसे सांगावे.

व्यवहारातील रूपे : श्रेयाचा साधा प्रकार म्हणजे पोस्टच्या मजकुरात कारागिराचे, गावाचे आणि समाजाचे नाव त्यांच्या संमतीने देणे व त्यांच्या स्वतःच्या खात्याचा दुवा जोडणे. त्याहून पुढचा प्रकार म्हणजे काही काळ ब्रँडचे खाते समुदायातील व्यक्तीकडे सोपवणे, चित्रीकरणात गेलेल्या वेळेची मजुरी देणे आणि चित्रफीत पुढे किती दिवस व कोठे वापरणार हे लेखी ठरवणे. चित्रीकरणासाठी थांबलेल्या कारागिराचा तेवढा वेळ जोड शिवण्यातून जातो आणि पुष्कळांची मजुरी जोडावर असते, ही बाब करारांत क्वचितच धरली जाते. ९ ऑगस्ट या जागतिक आदिवासी दिनापुरते शुभेच्छापत्र टाकण्याची प्रथा सर्वत्र आहे. तिच्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लिडकॉमने चपलेच्या जोडावर क्यूआर कोड देण्याची योजना पुढे आणली, त्यातून कारागीर, जिल्हा, कच्चा माल आणि निर्देशनाचा तपशील ग्राहकाला मोबाइलवर दिसतो. श्रेय पोस्टच्या मजकुरात न राहता वस्तूबरोबरच ग्राहकाच्या घरी पोहोचते, हा या योजनेचा विशेष होय. नकली माल ओळखण्यासही तिचा उपयोग होतो.

विधी व प्रतिमा : वस्तू विकत घेता येते, विधी विकत घेता येत नाही, म्हणून या बाबतीत संमतीचा प्रश्न अधिक नाजूक होतो. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली येथे धनगर समाजाच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते, देवाचे मानकरी फरांडे बाबा हेडाम (तलवार घेऊन करायचे विधिनृत्य) खेळतात आणि भाकणूक (भविष्यकथन) सांगतात. भंडाऱ्याने पिवळा झालेला जनसमुदाय टिपण्यासाठी दूरदूरचे छायाचित्रकार येतात आणि ती छायाचित्रे समाजमाध्यमांवर मोठ्या संख्येने फिरतात. सार्वजनिक यात्रेत छायाचित्र काढणे आणि तेच छायाचित्र मालाच्या जाहिरातीस लावणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारासाठी देवस्थानाची, आणि चेहरा ओळखू येत असेल तर त्या व्यक्तीचीही, परवानगी घेणे हा योग्य शिरस्ता होय. वारली चित्रकलेतील पालघट देवीचा चौक (भिंतीवरचे चौकोनी चित्र) लग्नविधीचा भाग आहे. या कलेस २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले असले, तरी कपबशीवर वा मोबाइलच्या कव्हरवर चौक छापावा की नाही, हे ते निर्देशन ठरवत नाही. ते ठरवणे समुदायाकडेच राहते.

नियमन : भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सरसाठी) मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मोबदला घेऊन केलेला मजकूर तसा स्पष्ट नमूद करणे आवश्यक ठरवले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना लागू होतात, त्यामुळे यंत्रावरचा माल ‘हाताने शिवलेला’ म्हणून दाखवल्यास ग्राहकाला तक्रारीचा मार्ग खुला आहे. ही दोन्ही साधने ग्राहकाच्या संरक्षणासाठी आहेत. चित्रफितीत दिसलेल्या कारागिराला मोबदला मिळाला की नाही, याची विचारणा त्यांच्या कक्षेत येत नाही.