टक्का वेगळा, पोराच्या वाट्याला येणारा पैसा वेगळा: भारत आणि जपान

"भारत शिक्षणावर जीडीपीच्या चार टक्क्यांच्या आसपास खर्च करतो आणि जपान तर साडेतीनच्याही आत, म्हणजे आपण जपानच्या पुढे" हे वाक्य दर बजेटनंतर कोणीतरी टाकतंच, आणि खाली लगेच "कोठारी शिक्षण आयोगाने 6 टक्के सांगितले होते" हे उत्तरही येतं. दोन्ही आकडे ठीक आहेत पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि मला याचा खरंच वैताग आलाय.

आधी बारीकसारीक उरकतो. हे टक्के सगळ्या शिक्षणाचे असतात, त्यात आयआयटीही आली, प्राथमिकचा आकडा वेगळा बघावा लागतो. आपली प्राथमिक पहिली ते पाचवी, जपानची सहा वर्षांची. आणि प्लीज, केंद्राच्या बजेटमधला शिक्षणाचा आकडा उचलून "भारताचा खर्च" म्हणून टाकू नका. झेडपीच्या गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. जपानमध्येही सरकारी शाळेतल्या शिक्षकांच्या पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग केंद्र देतं, बाकीचा प्रांत.

आता खरी गोम. जीडीपीचा टक्का सांगतो की देशाने कमाईतला किती भाग बाजूला काढला, तो किती पोरांत वाटला गेला हे तो सांगतच नाही. गणित करून बघा. समजा दोन्ही देशांनी प्राथमिकवर जीडीपीचा बरोबर 1 टक्का खर्च केला. 2023 चं दरडोई उत्पन्न भारताचं साधारण 2,500 डॉलर, जपानचं 34,000 च्या आसपास. शंभर माणसं घेतली तर आपल्याकडे त्यात पंधरा वर्षांखालची साधारण 25 पोरं, जपानमध्ये 11. म्हणजे शंभर भारतीयांमागे 2,500 डॉलर निघाले ते 25 जणांत वाटले, एकाला 100. तिकडे 34,000 निघाले ते 11 जणांत, एकाला 3,000 च्या वर. टक्का सेम टू सेम, आणि फरक तीस पट! (सगळी पोरं काही प्राथमिकला नसतात, पण मुद्दा कळायला एवढं पुरे.)

इथे लोक म्हणतात, अरे पण डॉलरमध्ये कशाला मोजतोस, तिकडे महागाई किती आहे. बरोबर आहे, क्रयशक्तीने, म्हणजे त्या पैशात तिथे किती विकत येतं त्यावरून मोजलं तर उत्पन्नातली तेरा-चौदा पट पाच पटीवर येते. पण पोरं कमी असल्यामुळे (25 च्या जागी 11) पडलेली जी सव्वादोन पट आहे तिला कुठलाही विनिमय दर हात लावू शकत नाही, ती तशीच राहते, आणि नेमकी तीच सगळे विसरतात.

म्हणून दोन देशांची तुलना करताना मी एकच माप धरतो, एका विद्यार्थ्यामागचा सरकारी खर्च दरडोई उत्पन्नाच्या किती टक्के. वरच्या उदाहरणात भारत 4 टक्के, जपान 9. श्रीमंतीचा फरक गळून पडला, चलनाची भानगड मिटली, तरी जपान एका पोरासाठी दुपटीहून जास्त ताकद लावतोय. आपल्याला नुसती बरोबरी करायची तरी टक्का त्यांच्या दुप्पट हवा, कारण आपल्याकडे पोरं जास्त आहेत. 6 टक्क्यांची मागणी मला म्हणूनच रास्त वाटते.

मात्र भागाकार करताना खाली कोण धरलंय ते बघा. जपानमध्ये प्राथमिकची जवळजवळ सगळी मुलं सरकारी शाळेत जातात, आपल्याकडे खाजगीत जाणारी ढीगभर आहेत. सरकारी खर्चाला सगळ्या मुलांनी भागलं की सरकारी शाळेतल्या पोरावरचा खर्च उगाच कमी दिसतो.

उलटंही होतं. वाडीवरची शाळा घ्या, पहिली ते चौथी एकाच खोलीत, नऊ पोरं, दोन गुरुजी. शाळेचा पट, म्हणजे पोरांची संख्या, 60 पर्यंत असेल तर दोन शिक्षक हा आरटीईचाच (शिक्षण हक्क कायद्याचा) नियम आहे. तिथे दर मुलामागचा खर्च शहरातल्या भरलेल्या शाळेपेक्षा कितीतरी जास्त निघतो, आणि वीसच्या आत पट असलेल्या शाळा बंद करा म्हणणारे तोच आकडा नाचवतात. तो पैसा लाडाचा नाही, डोंगरापलीकडच्या शाळेपर्यंत त्या नऊ जणांना रोज चालायला लागू नये म्हणून आहे.