कृष्णाकाठची जलगुणवत्ता तपासणी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कृष्णा नदी, तिच्या उपनद्या, विहिरी आणि नळयोजना यांच्या पाण्यातले रासायनिक व जैविक प्रदूषण मोजणे, ते कुठून आले हे शोधणे आणि ते पाणी पिण्यास, अंघोळीस, शेतीस वा माशांना चालेल का हे ठरवणे, अशा कामाला जलगुणवत्ता तपासणी म्हणतात. हे काम प्रयोगशाळेतले वाटते, पण त्याचा कस नदीकाठावर लागतो. नमुना कुठून, कोणत्या वेळी आणि नदीला किती पाणी असताना घेतला हे माहीत नसेल, तर अहवालातल्या आकड्यावर काहीच ठरवता येत नाही.

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, धोम धरणातून वाईला येते. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना, पुढे ब्रह्मनाळला येरळा आणि सांगलीलगत हरिपूरला वारणा. प्रत्येक संगमाला पाण्याचे गुणधर्म बदलतात, म्हणून नमुने संगमाच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून घेतात. संगमाच्या लगेच खाली दोन नद्यांचे पाणी बरेच अंतर शेजारी शेजारी वाहते, एकजीव होत नाही. तिथे एकाच काठावरून बाटली भरली तर प्रत्यक्षात एकाच नदीची तपासणी होते. कोयनेचे बरेचसे पाणी तर कृष्णेला मिळतच नाही. वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरते आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जाते. सातारा जिल्ह्यातल्या जलाशयाचे पाणी अशा रीतीने कोकणच्या खाडीतल्या खारेपणावरही परिणाम करते. खाडीतल्या अभ्यासात भरती-ओहोटी आणि क्षारता हे घटक वाढतात, बाकीच्या मूळ कसोट्या त्याच राहतात.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ चा. नद्यांवर ठरलेल्या ठिकाणांहून नियमित नमुने घेण्याचे काम हे मंडळ राष्ट्रीय कार्यक्रमाखाली करते.

नदीच्या तब्येतीची पहिली खूण म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. २५ अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात तो लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो. उन्हाळ्यात पाणी तापले की याहून कमी. तो मोजण्याची लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली रीत आजही वापरात आहे. घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली तिरकी धरून सावकाश भरतात. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर हवेतला ऑक्सिजन हिशेबात शिरतो. मग मँगनीज सल्फेट आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली द्राव आत सोडून बाटली उलटसुलट हलवतात. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास उरलेला नाही, हे तिथल्या तिथे कळते. पुढे सल्फ्युरिक आम्लाने साका विरघळवून थायोसल्फेट थेंबाथेंबाने घालतात. स्टार्चचा निळा रंग ज्या थेंबाला जातो तिथे मोजणी थांबते.

दुसरी कसोटी जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात याचा हा हिशेब. आपल्याकडची प्रमाण पद्धत २७ अंशाला तीन दिवसांची आहे, बऱ्याच देशांत ती २० अंशाला पाच दिवसांची असते. म्हणून परदेशी आकडे शेजारी ठेवताना हा फरक पाहावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार अंघोळीच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी ३ पेक्षा जास्त नको. नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया करून पिण्यासाठी घ्यायच्या पाण्यात ऑक्सिजन किमान ४ हवा, बीओडीची मर्यादा तीच. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले होते आणि कृष्णेचा पट्टा त्यात होता.

या पट्ट्यात बीओडी वाढवणाऱ्या दोन गोष्टी मुख्य आहेत. गावांचे आणि शहरांचे सांडपाणी ही पहिली. सांगलीत शेरी नाल्याचे नाव प्रत्येकाला ठाऊक आहे. तो शहराचे सांडपाणी थेट कृष्णेत आणतो. दुसरी गोष्ट साखर पट्ट्यातली. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या स्पेंट वॉशची बीओडी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमच्या घरात जाते, घरगुती सांडपाण्याची साधारण दोनशे-तीनशे. म्हणून आसवन्यांना, म्हणजे मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना, सांडपाणी आवाराबाहेर अजिबात सोडू न देण्याची अट आहे. तरीही गळीत हंगामाच्या अखेरीस, नदीची धार बारीक झालेली असताना, मळीमिश्रित पाण्याच्या तक्रारी उठतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ काठाला मेलेल्या माशांचा खच पडला होता.

बंधाऱ्यांची गोष्ट इथल्या अभ्यासकाने कधीच विसरू नये. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले की नदीचा तळ्यासारखा साठा होतो. वाहते पाणी हवेतून ऑक्सिजन घेत असते, ते थांबते. गाळ बसतो, केंदाळ पसरते, तळाशी साठलेली घाण ऑक्सिजन ओढत राहते. बर्गे काढले किंवा वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की ही साठलेली घाण एकदम खाली लोटते. महिन्यातून एकदा नेमाने नमुना घेणाऱ्याच्या हाती ती बहुधा लागत नाही, कारण ती काही तासांत पुढे गेलेली असते. तपासणीचे वेळापत्रक बर्ग्यांशी आणि धरणाच्या विसर्गाशी जोडणे म्हणूनच गरजेचे आहे.

वेळेचा प्रश्न याहून बारीक आहे. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात ऑक्सिजन सोडतात, रात्री त्याच तो वापरतात. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी सर्वांत जास्त असतो. दुपारी बाराला घेतलेला नमुना चांगला निघाला तरी त्याच जागी पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडत असू शकतात. हे आधी कळते ते जाळी काढायला गेलेल्या कोळ्यांना. त्यांच्या सांगण्यावरून नमुन्याची वेळ ठरवणे हा माझ्या मते या अभ्यासातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

गावपातळीवर तपासणीचे चित्र वेगळे असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) घालतो आणि नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन द्रावाचे, थेंब टाकतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. मानकानुसार ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे आणि ते टाकीजवळच्या नळाला नव्हे, वाहिनीच्या शेवटच्या नळाला पाहायचे असते. पोते उघडे राहिले की पावडरीचा जोर उतरतो, मग नेहमीच्याच मापाने घातलेली पावडर पुरत नाही. वर्षातून दोनदा स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना धोक्यानुसार हिरवे, पिवळे वा लाल कार्ड दिले जाते. २०१९ पासून जलजीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरायला शिकवले जाऊ लागले. ओटी फक्त क्लोरीन दाखवते. पाण्यात नायट्रेट किती आणि क्षार किती, हे त्या पिवळ्या रंगावरून कळत नाही.

भूजलात मात्र खरी चिंता याच दोन गोष्टींची आहे. वाळवा, पलूस, मिरज भागातल्या काळ्या जमिनीत उसाला पाटाने भरमसाट पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या. युरियातले न वापरलेले नत्र पाण्याबरोबर खाली झिरपते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते जास्त असेल तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटते. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण किंचित वाढते, आणि बाळासाठी पाणी उकळून घेणाऱ्या घरांना हे स्पष्ट सांगायला हवे. तासगावकडे द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी वर्षानुवर्षे मोरचूद (तांब्याचा क्षार) वापरला जातो. त्यातले तांबे मातीला धरून बसते, म्हणून तिथे पाण्याबरोबर माती आणि ओढ्याचा गाळही तपासावा लागतो. कीडनाशकांचे अंश शोधायला महागडी यंत्रे लागतात, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ते येत नाहीत.

पुराने सगळे हिशेब बदलतात. आयर्विन पुलाजवळची ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. नदीतल्या ऑक्सिजनचा आकडाही असाच रोज फलकावर लागायला हवा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत विहिरी, शौचालयांचे खड्डे आणि खतांची गोदामे एकाच पाण्याखाली गेली. अशा वेळी नदीतली बीओडी पातळ होऊन कमी दिसते, तर विहिरीत आतड्यांतले जिवाणू वाढलेले असतात. पूर ओसरल्यावर बुडालेली विहीर उपसून गाळ काढतात, टीसीएलचा जादा मात्रेचा द्राव घालून ती बंद ठेवतात, पुन्हा उपसतात आणि क्लोरीनचा वास गेल्यानंतर निर्जंतुक बाटलीत नमुना घेतात. तो बर्फाच्या पेटीतून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचला नाही तर वाटेतच जिवाणूंची संख्या बदललेली असते आणि नमुना पुन्हा घ्यावा लागतो.