सशाच्या पाठीवरचा चालता कोंडा

सशाच्या मानेमागचे केस बोटांनी उलटे फिरवले आणि खाली पांढुरका, जाडसर कोंडा दिसला, की बहुतेक घरांत खापर कोरड्या हवेवर फुटतं. मग खोबरेल तेल लावलं जातं, अंघोळ घातली जाते, दाणा बदलला जातो. कोंडा मात्र तसाच राहतो किंवा पसरतो. खांद्यांच्या मधली जागा आणि शेपटीच्या वरचा पाठीचा भाग, या दोन ठिकाणी पट्ट्यापट्ट्यांनी कोंडा असेल, तिथले केस चिमटीत धरल्यावर झुपक्याने निघून येत असतील, तर पहिला संशय केसांत राहणाऱ्या माइटवर घ्यायला हवा.

हा माइट म्हणजे चेलेटिएला पॅरासिटोव्होरॅक्स. कोळी आणि गोचीड यांच्याच गोतावळ्यातला, आठ पायांचा, लांबीला जेमतेम ०.४ मिमी. तोंडाच्या दोन्ही बाजूंना आत वळलेले दणकट आकडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे आकडे दिसले की ओळख पक्की. खरजेचा माइट कातडीत बिळं करतो, हा तसं करत नाही. तो त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात हिंडतो आणि सुईसारखे मुखावयव खुपसून खालचा द्रव शोषतो. हिंडताना सुटलेले पापुद्रे तो पुढे ढकलतो, त्यामुळे कोंडाच सरकल्यासारखा दिसतो. जगभरच्या पशुवैद्यांत याला ‘चालता कोंडा’ म्हणतात ते त्यामुळेच.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली नाही, तर पुढचे सगळे उपचार अर्धवट राहतात. थोडेफार माइट कितीतरी धडधाकट सशांच्या अंगावर असतात आणि त्यांचा पत्ताही लागत नाही. ससा रोजचा बराच वेळ अंग चाटण्यात, दातांनी केस विंचरण्यात घालवतो; त्यात माइट गिळले जातात आणि संख्या आटोक्यात राहते. कोंडा नेमका कुठे धरतो ते पाहा: मानेमागे, खांद्यांमध्ये, शेपटीच्या वर. तोंड पोचायला सर्वांत अवघड अशाच या जागा. तेव्हा माइट अचानक वाढले, तर औषधाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो की या सशाचं अंग चाटणं का थांबलं?

कारणं ठरलेली आहेत. ससा लठ्ठ झाला की त्याला मागे वळताच येत नाही. म्हाताऱ्या सशाची पाठ किंवा मागचे सांधे दुखतात. आणि फार वेळा दुखणं दातांचं असतं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे २ मिमी. वाळलेलं गवत तासन्‌तास चघळलं तरच ते झिजतात. गाजर, बिस्किटं, पोळीचे तुकडे आणि पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) यांच्यावर वाढलेल्या सशाच्या दाढांना टोकं येतात, ती जिभेला नाहीतर गालाला टोचतात, आणि ससा खाणं सोडण्याच्याही आधी अंग चाटणं सोडतो. पुढचे दात आपल्याला ओठ बाजूला करून दिसतात. दाढा दिसत नाहीत, त्या पशुवैद्याला उपकरण घालूनच तपासाव्या लागतात. माइटसाठी नेलेल्या सशाचं तोंड न पाहता कुणी नुसतं इंजेक्शन देऊन पाठवत असेल, तर दाढा बघायला आपणहून सांगावं.

खात्री कशी करायची? घरी करण्यासारखी तपासणी काळ्या कागदाची. सशाला टेबलावर न घेता जमिनीवरच, टॉवेलवर बसवावं. घाबरून त्याने मागच्या पायांनी जोरात लाथ झाडली तर कण्याचा मणका मोडू शकतो. लिखा काढायच्या बारीक फणीने मानेपासून शेपटीकडे हलक्या हाताने विंचरावं आणि निघालेला कोंडा काळ्या कागदावर झटकावा. उजेडात कागद ठेवून भिंगातून दोन-तीन मिनिटं पाहत राहावं. पांढऱ्या कणांतला एखादा स्वतःहून जागा बदलत असेल, तर शंका उरत नाही. केसांचा गुंता झाला असेल तर कात्री चालवू नये. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, गुंत्याबरोबर वर उचलली जाते आणि केसांऐवजी तीच कापली जाते.

दवाखान्यात पारदर्शक चिकटपट्टीने नमुना घेतात. केसांत भांग पाडून पट्टीचा पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा थेट कातडीवर, कोंडा असेल तिथे, तीन-चार वेळा दाबायचा आणि काचेच्या पट्टीवर चिकटवून ४० पट मोठं करून पाहायचं. माइटबरोबर त्याची अंडीही दिसतात, केसाला बारीक धाग्यांनी बांधलेली. कातडीवरून घेतलेली टेप कोरी निघाली म्हणून माइट नाहीत असं मात्र ठरत नाही. ससा त्यांना गिळत असतो, त्यामुळे कधीकधी ते त्याच्या लेंड्यांच्या तपासणीत सापडतात, टेपवर नाही. लक्षणं ठळक असतील तर अनुभवी पशुवैद्य कोऱ्या टेपवर न थांबता उपचार सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे.

सारखी दिसणारी दुखणी वेगळी काढावी लागतात. केस बदलण्याच्या दिवसांत झुपके निघतात, पण खालची कातडी स्वच्छ, गुलाबी असते आणि नवे केस आलेले दिसतात. नायट्यात नाक, डोळ्यांभोवती किंवा पायांवर गोलसर टक्कल पडतं. कानात तपकिरी खपल्यांचे थर साचले असतील तर तो कानातला माइट, सोरोप्टेस; त्या खपल्या ओढून काढू नयेत, फार दुखतं आणि रक्त येतं. औषध लागू पडलं की त्या आपोआप गळतात. लेपोराकॅरस गिबस नावाचा आणखी एक केसांतला माइट आहे, तो केसाच्या दांडीला मिठी मारून बसतो, मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा दिसतो आणि सहसा त्रास देत नाही.

आता औषधं. आणि आधी धोक्याचं औषध: फिप्रोनिल. कुत्र्या-मांजरांच्या पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकायचे थेंब किंवा फवारा म्हणून ते सगळीकडे मिळतं, काउंटरवरचा माणूस सशासाठीही सहज देतो. सशाला त्याने झटके येतात, खाणं बंद होतं, जीवही जातो. फ्रंटलाइनसारख्या उत्पादनाच्या माहितीपत्रकातच सशांवर वापरू नये असं बजावलेलं असतं. पर्मेथ्रिनचे कुत्र्यांसाठीचे तीव्र थेंब, अमिट्राझचं पाणी, गोचिडांचे पट्टे, टिक पावडर आणि मुंग्यांचा खडू हेही बाद.

घरगुती उपायांचं काय? कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल लावलं तर ससा ते चाटणार. लव इतकी दाट असते की तेल कातडीपर्यंत नीट पोचतही नाही, वर केस चिकट होऊन चाटणं आणखी अवघड. कापूर तर विषारीच. अंघोळ घालणं हा त्याहून वाईट उपाय आहे: आतली लव तासन्‌तास वाळत नाही, अंग गार पडतं, आणि धक्क्यानेच ससा दगावू शकतो.

सशांमध्ये चालणारी मुख्य औषधं दोन, आयव्हरमेक्टिन आणि सेलामेक्टिन. दोन्ही एकाच कुळातली. आयव्हरमेक्टिनचं मूळ जपानमधल्या कावाना इथल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूत आहे. त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. माइटच्या मज्जातंतूंत ग्लूटामेटने उघडणारे क्लोराइडचे मार्ग असतात. औषध ते उघडे धरून ठेवतं, माइट लुळा पडून मरतो. सस्तन प्राण्यांत हे मार्ग नसतात. त्यांच्याशी मिळतेजुळते मार्ग मेंदूत असतात, पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर औषधाला तिथे जाऊ देत नाही. मात्रा ठरल्याहून बरीच वाढली की हा अडसर पुरत नाही, आणि मग लाळ, थरथर, तोल जाणं सुरू होतं.

मात्रा वाढणं किती सोपं आहे, ते आकड्यांतच दिसतं. त्वचेखाली द्यायची आयव्हरमेक्टिनची मात्रा किलोमागे ०.२ ते ०.४ मिग्रॅ असते. २ किलोच्या सशाला ०.३ च्या हिशेबाने ०.६ मिग्रॅ. गायीगुरांसाठी मिळणाऱ्या १ टक्का इंजेक्शनच्या १ मिलीमध्ये १० मिग्रॅ औषध असतं, म्हणजे सशाला लागतं फक्त ०.०६ मिली, जेमतेम एक थेंब. ४० युनिटच्या इन्शुलिन सिरिंजवर अडीच रेघाही भरत नाहीत. ‘थोडंसंच दिलं’ म्हणून कुणी अर्धा मिली टोचलं, तर ५ मिग्रॅ जातं, हव्या त्याच्या आठपटीहून जास्त. मोजायला सोपं जावं म्हणून पशुवैद्य ते पातळ करतात, पण प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये. पाण्यात ते नीट मिसळत नाही आणि प्रत्येक थेंबात वेगळीच मात्रा येते. हे इंजेक्शन घरी देण्याच्या फंदात पडू नये. आपलं काम वजनाचं: टोपलीत बसवून त्याच दिवशी किचनच्या काट्यावर केलेलं वजन पशुवैद्याला सांगावं. अंदाजाने सांगितलेलं वजन लांब केसांच्या सशाच्या बाबतीत हमखास चुकतं.

सेलामेक्टिन थेंबांच्या रूपात असतं, त्यामुळे सशाला कमी त्रासाचं. सशांसाठी किलोमागे ६ ते १८ मिग्रॅ अशी मात्रा वापरतात. मांजरांसाठीचं ६ टक्क्यांचं आणि कुत्र्यांसाठीचं १२ टक्क्यांचं अशा दोन तीव्रता असतात. पहिल्यासाठी सांगितलेले मिली दुसऱ्यातून मोजले तर मात्रा दुप्पट होते. थेंब डोक्याच्या लगेच मागे, केस बाजूला करून कातडीवर टाकायचे. केसांवर टाकलेलं औषध वाया जातं. घरात जोडी असेल तर एकमेकांना चाटून ते पोटात जाईल, म्हणून वाळेपर्यंत काही तास वेगळं ठेवावं. पूर्ण वेगळ्या खोलीत नको, मध्ये जाळी लावावी, म्हणजे वास आणि सोबत तुटत नाही. जोडी फुटली तर पुन्हा जमवणं हे माइटपेक्षा मोठं काम होऊन बसतं.

एका मात्रेने भागत नाही, याचं कारण अंड्यांत आहे. औषध अंड्यांपर्यंत पोचत नाही. अंड्यापासून अळी, दोन कुमार अवस्था आणि मग पूर्ण वाढलेला माइट, हे सगळं चक्र ३ ते ५ आठवड्यांत सशाच्या अंगावरच पुरं होतं. पहिल्या मात्रेने हिंडते माइट मरतात, दहा-बारा दिवसांत कोंडा कमी दिसू लागतो आणि मालक दुसऱ्या मात्रेला जातच नाहीत. तोवर अंडी फुटलेली असतात. म्हणून आयव्हरमेक्टिन १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा आणि सेलामेक्टिन २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा, असा क्रम ठरवतात, आणि मधली तारीख हुकली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. घरातले सगळे ससे एकाच दिवशी. ज्याला काही दिसत नाही तोही. कुत्रा किंवा मांजर सशाजवळ वावरत असेल तर त्यालाही दाखवून आणावं, कारण हा माइट एकाच प्राण्यावर अडून राहत नाही.

पिंजऱ्याकडे दुर्लक्ष झालं तर औषध पुन्हा फुकट. पूर्ण वाढलेली मादी सशाच्या अंगाबाहेर सुमारे १० दिवस जगते, थंड आणि दमट जागेत त्याहूनही जास्त; पावसाळ्यात कोकणातल्या, मुंबईतल्या घरांना हे लागू आहे. प्रत्येक मात्रेच्या दिवशी खालचं गवत, कागद, पुठ्ठ्याची खोकी टाकून द्यावीत. कापडं ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावीत. लाकडी घराच्या फटींत कोंडा साचतो. तिथे उकळतं पाणी किंवा वाफ, मग कडक ऊन (ससा आत नसताना, हे वेगळं सांगायला नको). सोफा आणि गालिचे व्हॅक्यूम करून पिशवी लगेच बाहेर. कंगवा सशागणिक वेगळा. दोन पिंजरे असतील तर एक धुऊन तीन आठवडे रिकामा ठेवणं हा फवाऱ्यापेक्षा सोपा मार्ग आहे.

घरातल्या माणसांनाही याची झळ लागते. ससा ज्या भागाला टेकतो तिथे, म्हणजे हाताच्या आतल्या बाजूला, पोटावर, छातीवर, लालसर खाजरे पुरळ येतात. या माइटला माणसावर वंश वाढवता येत नाही, त्यामुळे सशाचे उपचार पुरे झाले की पुरळ साधारण तीन आठवड्यांत जातं. त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर घरात ससा आहे हे आधी सांगावं, नाहीतर खरजेची मलमं लावण्यात महिना जातो.

उपचारांच्या काळात लक्ष खाण्यावर आणि लेंड्यांवर ठेवायचं. खाज, दवाखान्याची दगदग, औषधाचा त्रास, कशानेही सशाचं आतडं थंडावू शकतं. १२ तास काही खाल्लं नाही तर ते तातडीचं प्रकरण समजावं. चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर घालू नये. ससा आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून खातो, त्यातून त्याला प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मिळतात. कॉलरने ते बंद होतं आणि अंग चाटणंही थांबतं, म्हणजे माइटचीच सोय.

केस परत यायला वेळ लागतो आणि ते एकसारखे येत नाहीत: सशाचे केस टप्प्याटप्प्याने उगवतात, त्यामुळे एक ठिगळ दाट आणि शेजारचं महिनाभर विरळ असं चालतं. विरळ ठिगळ पाहून औषधाची आणखी एक मात्रा मागू नये. शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी पुन्हा टेप घ्यावी. ती कोरी आणि कातडी स्वच्छ असेल तर प्रकरण संपलं. काही महिन्यांत कोंडा पुन्हा आला, तर या वेळी दाढांचा आणि कण्याचा एक्स-रे काढून घ्यावा.